दोन मिनिटं बर्फ

जूनमध्ये वाद्सोला सूर्य मावळत नाही.
तोरिलची उजवी पापणी मावळते,
रोज, दुपारी तीनच्या सुमारास,
चाळिसाव्या पेटीपाशी, कॉडचं पोट चिरताना.

आधी ती हसण्यावारी न्यायची:
या उजेडात गावात कुणाच्याच डोळ्याला डोळा लागत नाही,
माझा निदान एक तरी लागतो.
मग घास घशात रेंगाळू लागला.
मग एकदा सुरीच हातातून गळाली,
बोटं दुखत नव्हती, नुसती दमली होती.

डॉक्टर सोम्बी म्हणाले, वर बघा, बघत राहा.
ती बघत राहिली. छतावरचा ओलीचा डाग
हळूहळू दोन झाला.
मग रबरी हातमोज्यात बर्फ भरून
त्यांनी तिच्या पापणीवर धरला.
जन्मभर बर्फात हात बुडवलेल्या बाईच्या
पापणीवर, दोन मिनिटं.

रक्त ट्रॉम्सोला गेलं, उत्तर आलं.
डॉक्टरांनी खिडकीतून धक्का दाखवला:
समजा, मज्जातंतूकडून होड्या सुटतात,
स्नायूच्या काठाला दोर टाकायला.
काठावर खुंट आहेत. पण खुंटाखुंटाला
आधीच कुणीतरी दोर गुंडाळून बसलंय.
काही खुंट तर मुळासकट नेलेत.
"कुणी? रशियनांनी?"
"नाही. तुमच्याच बंदरातल्या होड्या.
नाव, नंबर, रंग, सगळं तुमचं."

छातीच्या हाडामागे एक ग्रंथी असते म्हणे,
तिथे पेशी शिकतात, आपलं कोण, परकं कोण.
तोरिलला आईची शाळा आठवली.
वसतिगृह, लोखंडी खाटा,
घरची क्वेन भाषा तोंडून निसटली की
तळहातावर पट्टी.
पुढे आई स्वतःच स्वतःला दटावू लागली,
पट्टी कुणाला उचलावी लागली नाही.
तोरिलला त्या भाषेतले सात शब्द येतात.
त्यातला एक बर्फाचा.

पण हे सगळं नंतरचं.
त्या दिवशी दोन मिनिटं भरली,
डॉक्टरांनी हातमोजा उचलला
आणि पापणी उठली.
पूर्ण, आठ महिन्यांत पहिल्यांदा.
छतावर डाग एकच होता.
गालावरून पाणी ओघळत होतं.
तिने ते बोटाने टिपलं, बोटाकडे पाहिलं,
म्हणाली, "यॅ."

डॉक्टरांना वाटलं, ती हो म्हणतेय.
त्यांनी कागदावर वेळ लिहिली.
पापणी पुन्हा उतरायच्या आत
तोरिलने धक्क्यावरच्या होड्या मोजून घेतल्या.