सुरू न झालेल्याची आवराआवर

न्यूपोर्ट. पहाटेचे तीन वाजून दहा.
अस्क नदीला ओहोटी, काठाचा चिखल दिव्यात चकाकतोय,
आणि चौथ्या रांगेतल्या सर्व्हरवर
एक व्हर्च्युअल मशीन उठता उठता बसलं.

बसणारच कधीतरी. त्याचं काही नाही.
मेमरी घेऊन झाली होती, डिस्क जोडून झाली होती,
नेटवर्कचं टोक अडकवून झालं होतं,
मग फर्मवेअरची फाईल सापडेना,
तर आमच्या प्रोग्रॅमने हात वर केले
आणि चालता झाला.

मागे बत्तीस जीबी, कुणाच्याच नावावर नसलेले.
डिस्कला कुलूप, कुलूपवाला गायब.
पुन्हा सुरू करायला जावं तर उत्तर:
मशीन आधीच चालू आहे.
कुठे चालू आहे बाबा, दाखव तरी.

गेथिन चहा घेऊन आला, उभ्यानेच स्क्रीन वाचली.
म्हणाला, माझा बाप लॅनवर्नला, पोलादाच्या कारखान्यात.
शेवटच्या पाळीला सगळे फाटकातून थेट पबमध्ये.
हा मागे राहिला.
आधी हातमोजे काढले, मग कोट, मग बूट,
रोज चढवायचा त्याच्या बरोबर उलट.
लॉकर ओल्या फडक्याने पुसला,
किल्ली दिली, पावती मागितली.
घरी जेवण गार.
"पण तो लॉकर पुढे वापरणार कोण होतं?"
"कुणीच नाही. आई हेच ओरडत होती."

मी कोड उघडला.
पायरीपायरीला खूण ठेवली,
पाय घसरेल तिथूनच मागे फिरायचं,
शेवटी घेतलेलं आधी सोडायचं:
नेटवर्क, डिस्क, मेमरी.
जे घेतलंच नाही ते सोडायला धावायचं नाही,
पहिल्या खेपेला मी नेमकं तेच केलं
आणि शेजारच्या मशीनची डिस्क थोडक्यात वाचली.
आवरताना आणखी काही फुटलं तर फुटो,
वर कळवायचं ते पहिलंच कारण.
फाईल नव्हती. एवढंच.

पावणेपाचला फाईल मुद्दाम लपवून चालवलं.
पडलं.
काय सुरेख पडलं!
मागे कुलूप नाही, टोक नाही, एक बाइट नाही.
गेथिनने रिकाम्या कपाने सलाम ठोकला.

नऊ वाजता वीज कंपनीचा फोन सुरू होतो.
कार्डिफच्या एका घराचं बिल
दोन वर्षं माझ्या नावावर येतंय.
भरतेय मी. का, ते विचारू नका.
त्या घरात आम्ही दोघं राहायला गेलोच नाही.
फोनवरच्या बाईने कारण विचारलं,
तर पहिलंच सांगायचं.