धानोरीवरून

माझं बिल सतरा तारखेला तयार होतं,
म्हणून मोठी खरेदी अठराला.
घरात आता हे सगळ्यांच्या अंगवळणी पडलंय.
मिक्सर पंधराला जळाला
तर तीन दिवस चटणीशिवाय जेवायचं,
कुणी काही बोलत नाही.

हॉटेलात बिल आलं की सगळ्यांच्या आधी माझा हात.
नवख्या माणसाला वाटतं, काय दिलदार!
मग मी हळूच म्हणतो,
मला प्रत्येकी चारशे बारा पाठवा रे.
मेव्हण्याचे टायर, वरच्या मजल्यावरच्या कुंदाताईंचा फ्रिज,
सोसायटीच्या लिफ्टची मोटारसुद्धा
माझ्याच कार्डावरून आली.
सेक्रेटरींनी मीटिंगमध्ये आभार मानले.
पॉइंट मी मोजले,
रात्री, अंथरुणात, मोबाईलचा उजेड कमी करून.

वसुधा म्हणायची,
आयजीच्या जिवावर बायजी उदार.
मी म्हणायचो, अगं, यात कुणाचंच काही जात नाही.
बँक देते.
बँकेला कोण देतं, हे तिने विचारलं नाही
आणि मी भोसरीच्या कारखान्यात
अकाउंट्सला आहे, एकवीस वर्षं.

भापकर डिस्पॅचला.
डबा आम्ही एकत्र खातो.
त्याच्याकडे कार्ड नव्हतं,
लिंक मीच पाठवली.
त्याचं कार्ड घरी आलं त्या दिवशी
माझ्या खात्यात अडीच हजार पॉइंट पडले.
दोघांनी मिळून पेढा खाल्ला.

जूनमध्ये मुलीच्या क्लासची फी.
मग गाडीचा क्लच.
ऑगस्टमध्ये मोबाईल पुढे करून त्याने विचारलं,
हे खाली किमान रक्कम लिहिलंय,
एवढी भरली की झालं ना?
मी म्हणालो, हो, तात्पुरतं.

तात्पुरतं.
महिन्याला साडेतीन टक्के.
डोक्यात आकडेमोड झाली होती माझ्या,
पोळीचा तुकडा भाजीत बुडवायच्या आत झाली होती.
पण तो हसला, निर्धास्त,
आणि मला लोणचं दिलं.

डिसेंबरात आम्ही जयपूरला गेलो.
तीन तिकिटं, वर फक्त कर.
लोहगावला लाउंजमध्ये कार्ड घासलं, दोन रुपये,
आणि वसुधाने उपमा घेतला, पुडिंग घेतलं, पुन्हा उपमा घेतला,
लेकाने चार ज्यूस संपवले.
खोटं का सांगू,
मला तेव्हा फार बरं वाटत होतं.
वडिलांनी आयुष्यभर एसटीच्या सवलतीसाठी
रांगा लावल्या होत्या.

विमान वर चढलं.
काळ्या टाक्या, पत्रे, गच्चीतली धुणी,
लेक म्हणाला, बाबा, हे कुठलं?
धानोरी, मी म्हणालो.
भापकर तिथेच राहतो.
त्याने एकदा सांगितलं होतं,
विमान डोक्यावरून जाताना
आमच्याकडे सगळे बोलता बोलता थांबतात,
अर्धं वाक्य तोंडात धरून,
आणि आवाज गेला की तिथूनच पुढे.

सोमवारी टपरीवर
त्याने तारीख विचारली, वेळ विचारली.
शनिवारी सव्वासातचं? म्हणजे आमच्यावरूनच गेलात!
मी हिला त्या बिलाचंच सांगायला बसलो होतो,
कधीचं सांगायचं होतं.
सुरुवात केली आणि नेमकं तुमचं विमान.

मग? पुढे काय म्हणालास?

काही नाही, तो म्हणाला,
ते तसंच राहिलं.
कसं दिसतं हो वरून आमच्याकडचं?

चहाचे वीस रुपये झाले होते.
टपरीवाल्याकडे कार्ड चालत नाही,
म्हणून माझा हात खिशात जरा उशिरा गेला.
तोवर भापकरने नाणी मोजून
बरणीवर ठेवलीसुद्धा.