पाणी कितीला येतं

रात्रपाळी नसली की आम्ही उपनगरं बघतो.
ताटं सरकवून, लॅपटॉप मधोमध ठेवून
प्रज्योत एका बोटानं मेलबर्न ओढत नेतो
पूर्वेकडून पश्चिमेकडे,
आणि यशू ओरडते, थांब थांब, तिथं घसरगुंडी आहे!

त्यानं तक्ता केलाय. सात उपनगरं, अकरा रकाने.
भाडं. शाळा. माझ्या हॉस्पिटलपर्यंतची मिनिटं.
तूरडाळ किती लांब मिळते.
एका रकान्याला नाव नाही,
त्यात तो नुसती खूण करतो, किंवा करत नाही.
खूण म्हणजे तिथं आपल्याकडचे लोक जास्त.
ती खूण बरी की वाईट
हे आम्हा दोघांनाही ठरवता आलेलं नाही.

दहा वर्षांपूर्वी मुलुंडला अशीच घरं बघत हिंडलो होतो.
दुसरा मजला, खिडकीला टेकलेला बदाम.
एजंटनं कटिंग मागवला.
मग आडनाव विचारलं, वहीत लिहायला म्हणून,
आणि वही मिटली.
मालकांचा भाचा येणारे म्हणे राहायला.
चहाचे पैसे मात्र त्यानं घेऊ दिले नाहीत.
त्या बदामाची पानं मी अजून मोजून देईन.
मग हे कन्नमवारनगर,
गॅलरी बंद करून काढलेली आमची खोली.

आबा खुर्चीत. गोदीतनं निवृत्त.
मेलबर्न त्यांना आमच्याआधीपासून ठाऊक,
लोकरीच्या गाठींवर काळ्या अक्षरांत असायचं.
प्रत्येक उपनगराला त्यांचा एकच प्रश्न:
पाणी कितीला येतं?
चोवीस तास, आबा.
टार्नीटला?
चोवीस तास.
आणि त्या महागड्या ठिकाणी, चांगल्या शाळेच्या?
तिथंही तेवढेच तास.
आबा चष्मा पुसत राहतात.
मग निवडायचं कशावरनं, म्हणतात.

जिन्सी सिस्टर तिथं जाऊन चार वर्षं झाली.
फोनवर म्हणाली, पिनकोड बघून घे गं.
इथले लोक आडनाव नाही विचारत,
कुठं राहतेस विचारतात, आणि मग 'हं' म्हणतात.
आणि आपले?
आपले आडनावच विचारतात, ती हसली,
पण जेवण झाल्यावर.

काल रस्त्यावर उतरून पाहिलं,
कॅमेऱ्याच्या गाडीनं टिपलेल्या रस्त्यावर.
माणूस नाही.
रंगीत झाकणांचे डबे,
हिरवळ, जिच्यावर कुणी बसलेलं नाही.
चौथ्या वळणाला एक बाई सापडली,
हातात पिशवी, चेहरा पुसट केलेला.
तिला विचारायचं होतं,
पोराला ताप आला तर ड्यूटीवर जाताना
कुणाच्या घरी ठेवतेस?
बाण दाबला, तशी ती मागं राहिली.

मग यशूनं विक्रोळी टाकलं.
आमची इमारत, आबांचा पंचा वाळतोय,
खाली भाजीची गाडी, आणि गाडीपाशी
आई, तू!
युनिफॉर्मवर स्वेटर चढवलेली मी.
चेहऱ्याच्या जागी धुकं.
शेपूची जुडी मात्र काडी न् काडी दिसतेय.
आबा उठून जवळ आले. बराच वेळ बघत राहिले.
पुसलं कुणी गं तुला?
तिकडे सगळ्यांनाच पुसतात आबा, यशू म्हणाली,
नियम आहे.

प्रज्योतनं काहीतरी टाइप केलं, खोडलं,
आणि लॅपटॉप मिटला.

पावणेपाचला पाणी आलं.
पिंप भरेपर्यंत मी अंधारात उभी राहिले.
भरल्यावर नळ बंद केला.
मग उगाच पुन्हा सोडून बघितला,
आहे का अजून.