मिठागरावरचा दुधी

ऐरोलीतल्या रो-हाउसच्या मागे
साडेसात फूट बाय अकरा.
संक्रांत झाली की मी तिथे कुदळ घेऊन उतरतो
आणि दरवर्षी जमीन काहीतरी परत करते:
फरशीचा तुकडा, गंजकी तार,
आणि शिंपले, बोटाच्या पेराएवढे,
खाडी जाताना घाईत विसरलेली.

मेथी उगवली. चार दिवस मी ऐटीत.
पाचव्या दिवशी पानांच्या कडा जळाल्या,
कुणी उदबत्ती टेकवावी तशा.
दिवागावातून कोलंबी घेऊन येणाऱ्या चांगुणाबाय मढवींनी
टोपली उतरवली, माती चिमटीत घेतली,
जिभेवर ठेवली आणि थुंकल्या.
"अरं, हितं आमच्या सासऱ्याचं मीठ पिकायचं.
मेथी रागवल नाय तं काय?"

तेव्हापासून मी माती धुतो.
हसू नका. पाणी सोडायचं, निथळू द्यायचं,
पुन्हा सोडायचं.
शैलानं पाण्याचं बिल फ्रीजवर चिकटवून ठेवलं, काही न बोलता.
कळव्याच्या तबेल्यातून स्कूटरवर शेणखत आणलं.
त्या दिवशी बँकेच्या रांगेत
माझ्या मागे कुणी उभं राहिलं नाही.

मुळे आले.
पण खाली दगड, म्हणून पायजम्यासारखे, दोन तंगड्यांचे.
नात म्हणाली, हा नाचतोय,
आणि चिरू दिला नाही.
फ्रीजमध्ये तो मार्चअखेरपर्यंत नाचला.

टोमॅटोंबद्दल मी बोलणार नाही.
पानं मुठीसारखी मिटली. एवढंच.

दुधी मात्र मांडव सोडून
केबलच्या वायरवरून करंदीकरांच्या खिडकीत गेला.
फुलं ढीगभर, बहुतेक सगळी नर.
मादी फूल आलंच तर त्याच्यामागे इवला दुधी, लव असलेला,
तीन दिवसांत पिवळा पडून खाली.
अकरा गळाले. वहीत तारखा आहेत.

मग फाल्गुनातल्या एका दिवेलागणीला
नातीचा रंगाचा ब्रश घेऊन,
कपाळाला टॉर्च बांधून,
मी, तुर्भ्याच्या कारखान्यातला निवृत्त शिफ्ट इंचार्ज,
ज्यानं एकतीस वर्षं कीटकनाशकाचे पिंप मोजले,
एका पांढऱ्या फुलातलं चिमूटभर पिवळं
श्वास रोखून
दुसऱ्या पांढऱ्या फुलाला नेऊन दिलं.
हे काम ज्यांचं, त्या कुठे गेल्या
हे मला कुणी विचारलं नाही.
करंदीकर वरून म्हणाले, "काही पडलंय का?"
"नाही," म्हटलं, "शोधतोय."

एक धरला.
एकच. सव्वा किलो.
अर्धा चांगुणाबायना दिला.
त्यांनी कोलंबी घालून रांधला,
दुसऱ्या दिवशी डबा परत करताना म्हणाल्या,
"मीठ घालाया लागलंच नाय."

खरं की थट्टा, त्यांचं त्यांना ठाऊक.
त्या कोपऱ्यावरून वळेपर्यंत मी थांबलो,
मग वाकलो, माती चिमटीत घेतली,
जिभेवर ठेवली.

अजून आहे. थोडं.