डावीकडे

फ्रीसलंडच्या कालव्यातून सायकली निघतात.
एकदा तिजोरी निघाली होती, रिकामी.
परवा साखळी ताणली, तेव्हाच माझ्या क्रेनला कळलं:
हे नुसतं पत्र्याचं वजन नाही.

ओपेल. रंग सांगता येत नाही.
दारांतून पाणी गळत राहिलं, बराच वेळ,
आणि डायव्हर सीत्स्के हातमोजे पिळत
माझ्याकडे न बघता म्हणाली,
"पट्टा लावलेला आहे."

गाळातून हाडं वेगळी करायला दोन दिवस गेले.
एका बुटाची नाडी अजून दुहेरी गाठीत.
इंडिकेटरची दांडी डावीकडे झुकलेली,
म्हणजे वळायचं होतं.
ते वळण शहाऐंशी सालीच बुजवलं.

आज गाडी ट्रकवर चढवताना फ्राउके आली.
कुठेही गाडी सापडली की ती येते,
भावाच्या दातांचा तक्ता पावाच्या पिशवीत घालून.
ही सातवी.
"नाही," पोलीस म्हणाला. "हा उंचीनं फार लहान."

तिनं पिशवीची घडी घातली. गेली मात्र नाही.
थर्मासमधली कॉफी झाकणात ओतली,
प्यायली नाही,
मलाच विचारलं,
"मग ह्याच्यासाठी कोण आलंय?"

मी इंजिन बंद केलं.
खाली उतरलो.
काठावर आम्ही दोघंच होतो.