आस काचेबाहेर

नळी करायला इझिदोर आला,
आराखडा उलटा धरून, मग सुलटा धरून म्हणाला,
"पात्रांव, हें वांकडें कित्याक?"

काय सांगणार.
खाणीच्या लॅबमध्ये बावीस वर्षं
मी मातीतल्या लोखंडाचे टक्के काढले.
डंपर थांबले, तेव्हा माझ्याकडे उरला एक तराजू
आणि रिवणला, कितीतरी वर्षांनी,
काळीकुट्ट रात्र.

पिंपाभोवती फिरत काच घासली.
शेवटची झळाळी तांबड्या भुकटीची,
सोनाराकडून आणलेली.
लोखंडाचा गंजच तो,
दोरीवरच्या कपड्यांवर बसायचा तोच,
फक्त इतका दळलेला
की ओरखडा काढायचं विसरलेला.

साध्या दुर्बिणीत
मोठ्या आरशापुढे छोटा आरसा उभा,
त्याला धरायला चार पाती.
म्हणजे बघायला जो मदत करतो
तोच वाटेत.
त्या पात्यांमुळे ताऱ्यांना काटे फुटतात,
इझिदोरच्या दारातल्या नाताळच्या नखेत्रासारखे.

म्हणून हे वाकडेपण.
परातीएवढ्या काचेला खोलगट वाक द्यायचा
आणि मग छातीवर दगड ठेवून
तिच्या कडेचा बशीएवढा गोल कापून घ्यायचा.
पत्र्याचं कडं, वाळू, थेंब थेंब पाणी, तीन दिवस.
तिसऱ्या दिवशी मी जेवलो नाही.

त्या बशीचा आस बशीत नसतो.
चार बोटं बाहेर, नुसत्या हवेत,
जिथे परातीचा मध्य होता.
परात आता नाही.
पण उजेड सरळ येतो, काचेवर वळतो,
आणि त्या नसलेल्या मध्यासमोर
नेमका एका टिंबात जमतो.
वाटेत कोणीच नाही.

स्क्रू पाव फेरा जास्त, की ताऱ्याला शेपूट.
पाव फेरा कमी, की दुसरीकडे.
एप्रिलच्या त्या रात्री दोन वाजले.
पश्चिमेला पणजीकडचा पिवळट उजेड,
दक्षिणेला ज्येष्ठा, लाल, वर आलेली.

इझिदोरने डोळा लावला.
"काटे खंय?" त्याला फसवल्यासारखं वाटलं.
त्याच्या मते तारा म्हणजे काटे, हे तर टिंब.

मी म्हटलं, थांब. हवा ठरू दे.
तो थांबला. रातकिडे. लांब एक कुत्रं.
मग अगदी हळू,
जणू मोठ्याने बोललं तर विझेल,
"हिच्या कुशीक आनीक एक आसा.
बारीक. पाचवें."

मी अजून पाहिलं नव्हतं.
त्याला उठवावंसंही वाटलं नाही.