कळ

कीबोर्डच्या डाव्या कोपऱ्यात इवल्याशा तीन कळा आहेत.
एक म्हणजे माझा लॅपटॉप,
दोन म्हणजे बैठकीतला टीव्ही,
तीन म्हणजे फोन.
दोन नंबर मीच जोडून दिला, ईस्टरच्या सुट्टीत,
आईला मालिका शोधणं सोपं जावं म्हणून.
तिने एकदाही वापरला नाही.
"वायर नाही, तर अक्षरं जातात कुठून?" म्हणाली,
आणि रिमोटनेच एकेक अक्षर टिपत राहिली,
राजम्यातले खडे निवडावेत तशी.

आम्ही ग्लदानीत राहतो, नवव्या मजल्यावर.
मी वॉशिंग मशीनची माहितीपत्रकं जॉर्जियनमध्ये आणते.
'झाकण उघडण्यापूर्वी ड्रम थांबल्याची खात्री करा.'
दिवसाला बारा पानं.
थंडीत सेल लवकर मान टाकतात,
मधलंच एखादं अक्षर गळू लागतं.
मग मी सेल काढते, तळव्यांत चोळते,
आणि आणखी दोन पानं उरकून घेते.

खालचा जुम्बेर त्याचा स्पीकर कधीच बंद करत नाही.
माझा फोन घरचं सोडून त्यालाच जाऊन चिकटतो.
एकदा माझ्या दंतवैद्याचा निरोप
जुम्बेरच्या स्वयंपाकघरात खणखणला,
आणि लिफ्टमध्ये नाणं टाकता टाकता त्याने विचारलं,
"दाढ काढली की नाही, नेस्तान?"

फेब्रुवारीतली संध्याकाळ.
डाव्या कानात इअरबड, उजवा कधीच लिफ्टच्या फटीत गेलेला.
मी मालखाजला लिहायला बसले, खिडकीबाहेर बघत.
टाइप करताना पडद्याकडे न बघण्याची माझी जुनी सवय.

*मालखाज, माझ्याने आता होत नाही.
मार्चपासून आईला तू ने. हे घर विकू.
ती रात्री चारदा उठवते, मी ओरडते,
मग ती माफी मागते, ते तर मला सहनच होत नाही.*

पाहिलं तर लॅपटॉप कोरा.
सेल, दुसरं काय.
काढले, चोळले, घातले,
पुन्हा सगळं लिहिलं. दुसऱ्या खेपेला जरा जास्तच कडक.

तेवढ्यात मालिकेतलं भांडण थांबल्याचं
मोकळ्या कानाला जाणवलं.
आणि दोन नंबरचा हिरवा दिवा,
डोळा न मिटता माझ्याकडे बघणारा.
सकाळी फडकं मारताना दाबली गेली असणार.

मी दारात उभी राहिले.
टीव्हीवर शोधाच्या चौकटीत माझं पत्र,
दोनदा, एकाला एक लागून,
आणि खाली टीव्हीचं उत्तर:
*याच्याशी जुळणारं काहीही सापडलं नाही.*

आईने मान वळवली नाही.
रिमोट उचलला आणि पुसायला लागली.
एक अक्षर, एक टिचकी.
मला मदत करता आली असती. कीबोर्ड हातातच होता.
मी तो कुशीत धरून उभी होते, गरम पाण्याच्या पिशवीसारखा.
आमच्या लिपीत अक्षरांत थोरलं-धाकटं नसतं,
पडद्यावर माझं ओरडणं
आणि माझी गयावया
एकाच उंचीची दिसत होती.

चौकट रिकामी झाली.
मग ती लिहायला लागली.
'ब'पासून 'त'पर्यंत जायला तिला
चहा निवण्याइतका वेळ लागला.

*बातुमीत मार्चमध्ये ओल फार. मे मध्ये जाईन.*

खाली जुम्बेरच्या स्पीकरमधली बाई म्हणाली,
"जोडणी झाली."
कोणाशी, देव जाणे.

टीव्हीला मात्र या वेळी सापडलं. सात निकाल.
पहिला: बातुमीचा किनारा, उंचावरून घेतलेला, अकरा मिनिटांचा.
मी सोफ्याच्या दुसऱ्या टोकाला बसले,
आम्ही तो शेवटपर्यंत पाहिला.
"बघ," आई म्हणाली, "एकाकडेही छत्री नाही.
खोटं आहे हे."